आजीच्या सहा वाट्या: एका पंगतीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, विश्रामबाग, सांगली

आत्याचा जन्म एप्रिल १९४४चा. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. म्हणजे फेब्रुवारीत तिचं सहस्रचंद्रदर्शन. गुरुजींनी १६ फेब्रुवारीचा रविवार धरून दिला. होम, औक्षण, दिवे हे सगळं काकू बघणार. जेवणाला आचारी सांगितलाय. माझ्याकडे काय, तर मांडणी.

आत्याला विचारलं, तुला काय हवंय? साडी नको म्हणाली, सोनं नको म्हणाली. मग जरा वेळानं, भाजी निवडता निवडता: "आईच्या सहाही वाट्या एकदा एका रांगेत बघायच्यात."

एवढंच. आणि तेवढंच अवघड आहे, कारण त्या वाट्या १९८७ पासून एका छपराखाली आलेल्या नाहीत.

आजोबा गेल्यावर घरातली चांदी सराफाकडे नेऊन तोलली होती. वाटे पडले ते तोळ्यांवर, जोड्यांवर नाही. एका पारड्यात गुलाबदाणी, दुसऱ्यात अत्तरदाणी. पानदान इकडे, त्यातल्या डब्या तिकडे. सहा वाट्यांपैकी तीन काकाकडे साताऱ्याला गेल्या, दोन बाबांकडे आल्या. पाव तोळ्यावरून तेव्हा दोघा भावांत चांगलीच जुंपली होती, असं आई सांगते. आत्यानं एक वाटी उचलली आणि म्हणाली, मला एवढी पुरे. तिच्या वाट्याचा बाकीचा हिशेब कुणी केला नाही. तिनंही विचारलं नाही.

प्रकल्पाच्या वहीत (मुलाची जुनी गणिताची वही, मागची पानं कोरी होती) लिहिलं: वाट्या ६, फुलपात्री जमतील तेवढी, तांब्या १, ताट १, आणि आजोबांची ती काट्या-चमच्यांची पेटी, मिळाली तर. पंगत बारा जणांची, टेबलावर. आत्याचे गुडघे पाटावर बसू देणार नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. काकाला तिळगुळाचा फोन केला आणि त्यातच वाट्यांचं विचारून घेतलं. गोड बोलायचा दिवस असल्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. "लॉकरमध्ये आहेत," म्हणाला. "काढल्या नाहीत कधी. तू ये, आपण काढू."

१८ जानेवारी, सातारा

तिसरा शनिवार, त्यामुळे बँक चालू. सकाळच्या एसटीनं कऱ्हाडमार्गे आले. काकानं लॉकर उघडला तेव्हा तोही माझ्याइतकाच उत्सुक दिसला. तीन वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर रबरबँड. कागद १९९० चा, क्रिकेटच्या पानाचा. काका आधी ते पान वाचत बसला.

वाट्या शाईसारख्या निळ्या-काळ्या. दोघींवर रबरबँड जिथे बसलं होतं तिथे जाड काळा पट्टा. चांदीला गंजबिंज चढत नाही, तिला गंधक लागतं. हवेतलं थोडं, कागदातलं थोडं, आणि रबर तर गंधक घालूनच पक्कं करतात. लोकरीच्या कापडातही ते असतं. म्हणजे जपून ठेवायच्या नादात आपण नेमकं वैऱ्याच्या घरी ठेवतो. सुती धुवट कापड सगळ्यात बरं.

वाट्यांच्या बुडावर टोचून घातलेलं नाव: आजीच्या माहेरची आद्याक्षरं, खाली 'शके १८६३'. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९४१. तासगावहून रुखवतात आलेल्या. आणि प्रत्येकीवर वजनाचा आकडा, जुन्या पद्धतीनं: ५॥, ५॥, ५॥।. मुलाला हे वाचता येणार नाही, त्याला सांगायला हवं. एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. चहावाल्याकडे, किराणा दुकानात, सगळीकडे हेच चालायचं. दशमान पद्धत आली आणि या दांड्या गेल्या.

येताना काकूनं कंदी पेढे दिले. वाट्या माझ्या ओढणीत गुंडाळून पर्समध्ये, पर्स मांडीवर, कऱ्हाडला शेंगासुद्धा घ्यायला उतरले नाही.

२१ जानेवारी

आज एक जुनं कोडं सुटलं. प्रकल्पाशी थेट संबंध नाही, पण लिहून ठेवते.

पंचामृत मी स्वतः करणार आहे, आचाऱ्याच्या हातात देणार नाही. आजीची वही काढली. तिच्या अक्षरात: चिंचेचा कोळ १ वाटी, गूळ १ वाटी, तीळकूट पाऊण, दाण्याचं कूट अर्धी, खोबऱ्याचे काप, मिरच्या ८. खाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईत 'बेदाणे मूठभर'. मी गेली वीस वर्षं हे करते आणि दरवेळी ते मिळमिळीत होतं. आई म्हणायची तुझ्या हाताला तिखट नाही.

काकाच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून मापपात्रात ओतलं: १४० मिली. आमची स्टीलची वाटी २०० ची. कोळ, गूळ, कूट वाटीनं मोजलेलं, म्हणून सगळं एकाच प्रमाणात वाढत होतं. वाढत नव्हत्या त्या मिरच्या. आठ म्हणजे आठच. जवळजवळ दीडपट पंचामृताला आठच मिरच्या.

वहीतली 'वाटी' म्हणजे ही वाटी. मग पुढची पानंही तपासली. साखरभाताला वेलदोडे ६, मसालेभाताला लवंगा ५. मोजून घालायच्या सगळ्या जिनसा गेली वीस वर्षं कमी पडत होत्या. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते काहीतरी कमी आहे." नाही, तू हाताला म्हणत होतीस.

२५ जानेवारी

उजळण्याचा प्रयोग. आमच्याकडे चांदी घासायची म्हणजे चिंच आणि बारीक रांगोळी, किंवा दंतमंजनाची पूड. दोन्ही खरवडतात. काळा थर जातो, आणि त्याच्यासोबत चांदीही.

दुसरी रीत: पातेल्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, चकचकीत बाजू वर, त्यावर चांदी टेकवायची, खायचा सोडा दोन चमचे, वरून उकळतं पाणी. चांदी फॉइलला टेकलेली हवी, नाहीतर काही घडत नाही. चांदीला चिकटलेलं गंधक सुटतं आणि चांदी जागच्या जागी राहते. ॲल्युमिनियम मात्र काळं पडतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो तेव्हा समजायचं काम चाललंय. मुलगा नाक धरून उभा होता पण हलला नाही.

आधी बाबांकडच्या साध्या चमच्यावर करून पाहिलं. पाच मिनिटांत पांढराशुभ्र. जरा जास्तच पांढरा, चुना लावल्यासारखा. कापडानं पुसल्यावर थोडा जिवंत झाला.

मग काकाच्या तीन वाट्या. रबरबँडचा पट्टा पहिल्या बुडवणीत गेला नाही. दोनदा फॉइल बदलली, तरी एका वाटीवर बारीक रेघ राहिली आहे. ती राहू दे.

गुलाबदाणी या पाण्यात घालायची नाही असं ठरवलं. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा गेला की पानं-फुलं सपाट दिसतात. कारागिरानं ती खोल ठोकली ती सावली पडावी म्हणूनच. नुसत्या मऊ कापडानं वरचा उंचवटा पुसला, खाली हात लावला नाही.

२८ जानेवारी, सराफ कट्टा

सहाही वाट्या घेऊन गेले. आत्याची आणायला आधी गावभागात जावं लागलं. ती रोज रात्री त्यात दूधभात खाते, म्हणून म्हणाली, संध्याकाळच्या आत परत आण.

कामं दोन होती. बाबांच्या एका वाटीला बुडाशी पोचा पडलाय, ती टेबलावर डुगडुगते. आणि सगळ्यांची नीट वजनं.

कट्ट्यावरच्या मागच्या बोळात एक म्हातारे कारागीर बसतात. पिशवी उघडायच्या आतच: "मोडीत घालायचंय व्हय?" चांदी किलोला लाखाच्या आसपास गेल्यापासून त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण मोड घालायलाच येतो म्हणे. म्हटलं, नाही, पोचा काढायचाय. त्यांनी मान वर करून बघितलं माझ्याकडे.

आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. दुष्काळी माळावर पिकत काही नव्हतं म्हणून बाहेर पडले, आणि आज कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात यांची भट्टी असते. तिकडे पंजाबातल्या वाटीचं लगड करणारा हात विट्याचा असू शकतो. आणि इकडे पलीकडे हुपरीला चांदीचे पैंजण घडवणारं गाव. मोडणारे आणि घडवणारे दोन्ही हाताच्या अंतरावर. पोचा काढणारे मात्र आता हे एकटेच, असं त्यांचंच म्हणणं.

लाकडी ओंडक्यावर गोल डोक्याची खुंटी, त्यावर वाटी पालथी, आणि लाकडी हातोडी. पंधरा-वीस टिपऱ्या, फिरवत फिरवत. घाई नाही. मधे एकदा थांबून अंगठ्यानं चाचपलं. लोखंडी हातोडी लावली तर चांदी ताणते आणि वाटी पसरट होते, म्हणाले. चाळीस रुपये घेतले. मी शंभर द्यायला गेले तर रागावले.

वजनं त्यांच्या काट्यावर, दशांशापर्यंत. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरून मुलानं घरी हिशेब केला:

काकाच्या तिन्ही. ५॥ म्हणजे मुळात ६४.१ ग्रॅम, आज ६३.६. दुसरी ५॥, आज ६३.७. तिसरी ५॥।, मुळात ६७.०, आज ६६.४.

बाबांच्या दोन, ज्या देवघरात नैवेद्याला असतात आणि सणासुदीला घासल्या जातात. ५।, मुळात ६१.२, आज ६०.१. ५॥, आज ६२.९.

आत्याची, ५॥, मुळात ६४.१. आज ६०.२.

जवळजवळ चार ग्रॅम. तोळ्याचा तिसरा हिस्सा आत्याच्या वाटीनं घासणीला दिला. रोजचं घासणं, आधी राखेनं, मग रांगोळीनं, आता पावडरीनं. नाव तर इतकं पुसट झालंय की 'शके' नुसतं बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही.

आणि तरीही सहांत न काळवंडलेली ती एकटीच. पाण्यात घालावी लागली नाही, कापड फिरवावं लागलं नाही. काठ पातळ, आतून आरशासारखी नाही, दुधासारखी. मी काकाच्या तिन्ही उजळून तिच्याशेजारी ठेवल्या तर त्या दुकानातल्या दिसतात.

संध्याकाळी साडेसहाला आत्याकडे वाटी पोचती केली. तिनं हिशेब ऐकून घेतला. म्हणाली, "मग काय, मीच खाल्ली असणार थोडी थोडी."

१ फेब्रुवारी

गणेशजयंती. गणपती मंदिराकडे जाणारे सगळे रस्ते माणसांनी भरलेले, काही काम झालं नाही.

४ फेब्रुवारी, गावभाग

पेटी सापडली.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आत्याच्या घरात छातीभर पाणी होतं. तिला होडीतून काढलं. पिशवीत औषधं, चष्मा आणि ही वाटी. खालच्या फडताळातली पेटी तशीच राहिली, मग कुणीतरी ती माळ्यावर टाकली आणि साडेपाच वर्षं कुणी उघडली नाही.

उघडली तर आतलं मखमल कुजून शेवाळासारखं झालेलं, प्रत्येक खाच्यात कृष्णेचा गाळ, वाळून पोपडे आलेला. नदीच्या गाळात कुजलेलं बरंच असतं, गंधकही असतंच, त्यामुळे सगळं कोळशासारखं काळं. मोजलं: मोठे चमचे ६, बासुंदीला चालतील असे मधले चमचे ११ (एक गेला), काटे १२, जेवणाच्या सुऱ्या ६, आणि सहा रुंद, बोथट, माशाच्या आकाराच्या सुऱ्या.

ही पेटी आजोबांनी मिरजेत एका मायदेशी निघालेल्या गोऱ्या डॉक्टरांच्या सामानातून घेतली होती. किती रुपयांना, कशासाठी, आजोबांनाच ठाऊक. घरात कुणी काट्यानं जेवलं नाही. त्या रुंद सुऱ्या मासे खायच्या असतात हे मला मोठेपणी कळलं. लिंबू पिळलेल्या माशाला साधं पोलाद लागलं की पोलादाचा वास उतरतो, म्हणून त्या चांदीच्या किंवा मुलाम्याच्या करायचे. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये काढलं, त्याच्या आधीची ही सोय. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात आजी त्या सुरीनं ताटातल्या वड्या सोडवायची. याहून चांगलं वड्यांना काही मिळालेलं नाही. पातळ, रुंद, धार नाही, ताटाला चरा नाही.

५ फेब्रुवारी

चमच्यांच्या मागे छोट्या छोट्या चौकटींत चार अक्षरं: ई, पी, एन, एस, म्हणजे इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर. चौकटी मुद्दाम खऱ्या चांदीच्या छापासारख्या. खऱ्या इंग्रजी चांदीवर चालणारा सिंह असतो, बर्मिंगहॅमची असेल तर शेजारी जहाजाचा नांगर. इथे सिंह नाही. हा विजेनं चढवलेला मुलामा. एल्किंग्टन मंडळींनी बर्मिंगहॅमात १८४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीचा उजेड आला. आतला धातू निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर, पोटात कणभर नाही.

आत्याला सांगितलं याला जर्मन सिल्व्हरही म्हणतात, तर तिनं चमचा खाली ठेवला. तिच्या लेखी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. "पाहुण्यांपुढे जर्मन ठेवणार?"

चमच्यांच्या पाठीवर, जिथे ते टेबलाला टेकतात त्या उंचवट्यावर, मुलामा उडून आतला पिवळसर धातू दिसतो. म्हणजे गोऱ्या डॉक्टरांकडे ते भरपूर वापरले गेले होते. पुन्हा मुलामा चढवून मिळतो, चौकशी केली. नको म्हटलं. फक्त आंबट त्यात राहू द्यायचं नाही, त्या उघड्या जागी कळकतं. पंचामृताला हे चमचे नाहीत. बासुंदीला चालतील.

८ फेब्रुवारी

आज मी गाढवपणा केला. फॉइल-सोड्याच्या उकळत्या पाण्यात चमचे छान निघाले, त्या जोरात सुऱ्याही टाकल्या. पाच मिनिटांनी एक सुरी उचलली तर मूठ माझ्या हातात आणि पातं पाण्यात. पाण्यावर तपकिरी तवंग.

या सुऱ्यांच्या मुठी पोकळ असतात. आत राळ भरून त्यात पात्याचं शेपूट रोवलेलं. गरम पाण्यात राळ पातळ होते. इतकं वाचूनही हे वाचलं नव्हतं. तिघींची पाती निसटली. शिवाय पाती साध्या पोलादाची, पुरानं आधीच गंज धरलेला.

मुलगा म्हणाला, आई, तूच म्हणालीस ना आधी एकावर करून बघायचं. हो, म्हणाले होते.

१० फेब्रुवारी, सराफ कट्टा

सुऱ्या घेऊन पुन्हा त्याच बोळात. कारागिरांनी मूठ हुंगली आणि हसले. "राळच की." नक्षी ठोकताना चांदीचा पत्रा ज्यावर बसवतात तीच वस्तू. त्यांच्या भट्टीशेजारी राळेचा गोळा पडलेलाच होता, विटेच्या पुडीत मळलेला. गरम करून मुठीत ओतली, पातं तापवून खोवलं, ओल्या फडक्यात धरलं. तिन्ही सुऱ्या वीस मिनिटांत. शेफील्डच्या मुठीत आता सांगलीची राळ.

या खेपेला शंभर घेतले. "हे शिक्षेचे," म्हणाले.

११ फेब्रुवारी

रंगीत तालीम. टेबल आमचं सहा जणांचं, त्याला शेजाऱ्यांचं जोडलं. उंचीत बोटभर फरक, खाली पुठ्ठे. वर गणपती पेठेतून आणलेलं पांढरं मांजरपाट, दोनदा धुऊन खळ काढलेलं.

प्रश्न असा की चांदी बारा जणांना पुरत नाही. ताट एकच, ते आत्याला. बाकीच्यांना स्टील द्यायचं तर चांदी बिचारी वाटते, चिनी मातीच्या प्लेटा आणायच्या तर ते कुणाचंच जेवण वाटत नाही. शेवटी केळीचं पान. पानावर चांदीची वाटी कुठल्याही टेबलापेक्षा चांगली दिसते, हे आजीच्या काळापासून सिद्ध आहे.

पान मांडलं, टोक डाव्या हाताला. मग हौसेनं डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, धार आत. इंग्रजी रीत म्हणजे काट्याचे दात वर. फ्रेंच लोक पालथा ठेवतात, कारण त्यांच्यात घराण्याचं चिन्ह काट्याच्या पाठीवर कोरायची पद्धत. मुलाला खुर्चीवर बसवून अळूची भाजी वाढली आणि म्हटलं, खा काट्यानं. पहिल्या घासाला पान फाटलं. अळू मांजरपाटावर.

काटे रद्द. चार काटे फळांच्या फोडींच्या थाळीत, बाकी पेटीत. जेवणाच्या सुऱ्याही रद्द, राळेचे शंभर गेले ते गेले. माशाच्या सुऱ्या आचाऱ्याच्या वड्यांवर. मधले अकरा चमचे बासुंदीला, बारावा आत्याला चांदीचा.

मिठाचं लक्षात ठेवायचं. ताटात मीठ वाढतात मधोमध वर, लिंबाच्या फोडीशेजारी. मिठाचा ओलावा चांदीवर राहिला की बारीक खड्डे पडतात, आणि ते घासून जात नाहीत. इंग्रज म्हणून चांदीच्या मीठदाणीत काचेची वाटी बसवायचे किंवा आतून सोन्याचा मुलामा द्यायचे. मी ताटात मिठाखाली केळीच्या पानाचा रुपयाएवढा तुकडा ठेवणार. लसणाची चटणी चांदीपासून लांब, तीही काळं पाडते. डावी बाजू सगळी पानावर, चांदीत फक्त बासुंदी आणि पंचामृत.

१५ फेब्रुवारी

काका-काकू रात्री आले. पंचामृत केलं, आत्याच्या वाटीनं मोजून, आठ मिरच्या. हे ते पंचामृत. बाबांनी बोट लावलं आणि काही बोलले नाहीत, दुसऱ्यांदा बोट लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सहा वाट्या टेबलाच्या मधोमध, रांगेत. कोण कुणाची हे कळू नये म्हणून मी मुद्दाम मिसळल्या होत्या. पोचा काढलेली, रबरबँडची रेघ असलेली, जड, हलकी. दोन्हीकडे शेवंती, टोकांना गुलाबदाणी आणि अत्तरदाणी, अडतीस वर्षांनी समोरासमोर. वाढेपर्यंत त्या तशाच राहू दिल्या.

आत्या औक्षणाहून उठून आली, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, वाचायला चष्मा देऊ का? नको म्हणाली. पहिल्या वाटीच्या काठावरून अंगठा फिरवला, दुसरीच्या, तिसरीच्या. चौथीला थांबली आणि ती उचलून स्वतःच्या ताटात ठेवली. बरोबर होती.

मग म्हणाली, "वाढा आता, बासुंदी निवतेय." बासुंदी गारच होती.

बाकी जेवण नेहमीसारखं. मसालेभात जरा खाली लागला. भरल्या वांग्यांना कृष्णाकाठची वांगी मिळाली होती, ती पहिल्या वाढीत संपली. काकानं बासुंदी तीनदा घेतली. गुलाबपाणी शिंपडताना गुलाबदाणीचं झाकण निघून सगळं गुलाबपाणी बाबांच्या डोक्यावर.

१७ फेब्रुवारी

आवरणं. काल रात्री दमून सगळं तसंच ठेवायचा मोह झाला होता, पण चांदी तेवढी कोमट पाण्यात धुऊन, लगेच पुसून ठेवली. घासलं काही नाही. मिठाखालचं पान उपयोगी पडलं, ताटावर खूण नाही. मधला चमचा एक कमी भरला. तासभर शोधल्यावर उष्ट्या पानांच्या पिशवीत, तिसऱ्या पानाच्या घडीत. सगळ्या वाट्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत वेगवेगळ्या गुंडाळल्या, वर चिठ्ठ्या. काका दुपारच्या गाडीनं गेला, तीन घेऊन.

१८ फेब्रुवारी

रात्री साडेआठला आत्याचा फोन.

"ही माझी नाही."

म्हटलं, कशी नाही, चिठ्ठी बघून दिली. म्हणाली, दूधभात घेतला आणि काठ ओठाला जाड लागला. गेले, किचनच्या काट्यावर तोलली. ६४. काट्याला दशांश नसतात, पण साठ आणि चौसष्टमधला फरक त्यालाही कळतो. चिठ्ठ्या मुलानं लिहिल्या होत्या, पण वाट्या गुंडाळल्या मी.

काकाला फोन लावला. तो म्हणाला, सगळ्या सारख्याच की गं, एकाच सेटच्या. मी म्हटलं, तुझ्याकडे साडेतीन ग्रॅम कमी गेलेत. "साडेतीन ग्रॅमनं काय होतंय," म्हणाला. १९८७ चा पाव तोळा तीन ग्रॅमपेक्षाही कमी होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

आत्याला विचारलं, राहू दे का ही? नवीसारखी आहे, चार ग्रॅम जास्त भरते.

"मला माझीच आण."

तिसरा शनिवार गेला, म्हणजे लॉकर कामाच्या दिवशीच. काका म्हणतो अजून ठेवल्याच नाहीत लॉकरमध्ये, शोकेसमध्ये आहेत, काकूला आवडल्या तशा. तर रविवारी साताऱ्याला. जाताना ६३.६ची वाटी, येताना ६०.२ची. तोपर्यंत आत्या दूधभात स्टीलच्या ताटलीत खाणार आहे, असं तिनं ठणकावून सांगितलंय.